दूध ७२ अंशांवर तापवलं म्हणजे गुरांचा विषाणू मेला का?

सायंतारा (धागाकर्ती)

गेला आठवडाभर फोनवर एकच निरोप फिरतोय: गुरांमध्ये साथ आहे, विषाणू दुधात उतरतो, पाश्चरीकरणाने तो मरत नाही, दूध बंद करा. खाली चार उद्गारचिन्हं. असले निरोप मी एरवी पुसून टाकते. या वेळी मात्र चूक झाली, थोडं शोधून पाहिलं. आणि खरंच एके ठिकाणी लिहिलेलं सापडलं की गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवूनही दुधात थोडा शिल्लक राहू शकतो. म्हणजे निरोप अगदीच खोटा नाही!

लेक दोन वर्षांची आहे, दिवसातून दोनदा दूध पिते. मागच्या महिन्यात तिच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड आले होते. डॉक्टरांनी 'हँड फूट अँड माउथ' सांगितलं. लाळ्या-खुरकूतचं इंग्रजी नावही ('फूट अँड माउथ') जवळपास तसंच आहे हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय.

तर जाणकारांनो, गुरांचा विषाणू दुधातून माणसाला लागतो का? ७२ अंश पुरेत का? आणि आपण घरी दूध उकळतो ते नक्की कशासाठी?

खुसपट
विषय: आधी व्याकरण

धागा उत्तम, पण शीर्षकात 'मेला का' म्हटलंय. विषाणू मुळात जिवंत असतो का यावरच एकमत नाही. 'निष्क्रिय झाला का' असं हवं. (हलकंच घ्या.) बाकी जागा पकडून बसलोय.

गोठ्यातला डॉक्टर
विषय: हे दोन वेगळे प्रश्न आहेत

सायंताराताई, आधी लेकीचं. मुलांना होणारा तो आजार कॉक्ससॅकी किंवा एन्टेरोव्हायरस ७१ अशा माणसांच्याच विषाणूंमुळे होतो, एका मुलाकडून दुसऱ्या मुलाला लागतो. गुरांच्या लाळ्या-खुरकूतशी त्याचं फक्त नावाचं साधर्म्य. दोन्ही विषाणू एकाच मोठ्या कुळातले आहेत, पण तसे पोलिओ आणि साधी सर्दीही त्याच कुळातले. दुधाचा काही संबंध नाही. तो किडा काढून टाका.

आता मूळ मुद्दा. तुमच्या निरोपात, आणि अशा जवळजवळ प्रत्येक निरोपात, दोन प्रश्नांचा काला केलेला असतो. एक, हा विषाणू माणसाला बाधतो का? दोन, हा विषाणू उष्णतेत टिकतो का? दोन्हींची उत्तरं 'हो' आली तरच घाबरायचं. एकच 'हो' असेल तर दूध प्या.

लाळ्या-खुरकूत घ्या. १८९८ साली लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की या आजाराचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतं. प्राण्यांचा हा पहिला ओळखला गेलेला विषाणू. म्हणजे सव्वाशे वर्षं आपण त्याच्याकडे बघतोय. या काळात जगभर कोट्यवधी जनावरं त्याने आजारी पडली, त्यांच्याभोवती माणसं राबली, त्यांचं दूधही प्यायली गेली. आणि माणसाला लागण झाल्याची सिद्ध उदाहरणं मोजकी, तीही सौम्य. २००१ साली ब्रिटनमध्ये या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. कारण होतं जनावरांमधला फैलाव आणि व्यापार. माणसाचा जीव धोक्यात होता म्हणून नव्हे.

लम्पी तर त्याहून सरळ. देवीच्या कुळातला, पण मेंढ्या-शेळ्या-गुरांच्या शाखेतला विषाणू. १९२९ साली झांबियात प्रथम नोंदला गेला, तिथून आफ्रिका, मध्यपूर्व, युरोपचा आग्नेय कोपरा, आशिया असा फिरला. माणसाला लागल्याची नोंद नाही. अंगभर गाठी आलेलं जनावर बघून त्याचं दूध प्यावंसं वाटत नाही हे समजू शकतो, पण ती किळस आहे. धोका वेगळा.

बुळकांडी नव्या पिढीला माहीतही नसेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. २०११ साली तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. तोही माणसाला होत नव्हता.

चष्मिष्ट
विषय: एक पाचर मारतो

डॉक्टरकाका, बुळकांडीवरून आठवलं. आपला गोवर हा बुळकांडीचाच भाऊबंद ना? १९१२ साली बर्लिनमध्ये दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसाचा जतन केलेला नमुना होता. त्यातून गोवराच्या विषाणूची जनुकं वाचून २०२० मध्ये संशोधकांनी अंदाज बांधला की दोघांची वाट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास फुटली असावी. म्हणजे कधी काळी गुरांचा विषाणू माणसात येऊन कायमचा मुक्कामाला राहिला. 'माणसाला होत नाही' हे वाक्य आजपुरतंच खरं मानायचं.

गोठ्यातला डॉक्टर

मान्य. फक्त तो आला असेल तर गुरांच्या संगतीत राहून, श्वासातून. गोवर दुधातून पसरत नाही. पण पाचर योग्य जागी बसली.

सायंतारा

काका, लेकीचं वाचून जीव भांड्यात पडला. पण मग लाळ्या-खुरकूत माणसाला बाधत नाही, तर ७२ अंशांना तो उरतो की नाही हे मोजायच्या भानगडीत कोण कशाला पडलं?

थर्मामीटर
विषय: वासरांसाठी

हे माझं शेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दूध प्रक्रियेच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत.

मोजलं ते जनावरांसाठी. बाधित भागातलं दूध, त्याची भुकटी किंवा चीजमधून उरलेलं पाणी दुसरीकडे गेलं आणि वासरांना, डुकरांना पाजलं, तर साथ तिथे पोचते. गाय आजारी दिसायच्या आधीच काही दिवस विषाणू दुधात उतरलेला असतो, त्यामुळे 'आजारी गायीचं दूध बाजूला काढलं' एवढ्याने भागत नाही. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत अशा दुधासाठी १३२ अंशांना निदान एक सेकंद, नाहीतर ७२ अंश १५ सेकंद हा प्रकार दोनदा करायला सांगितलंय. सामू (पीएच) सातच्या खाली असेल तर एकदा पुरतो, कारण या विषाणूला आम्ल अजिबात सोसत नाही. सामू सहाच्या खाली गेला की तो भराभर विस्कटतो. तुम्हाला सापडलेलं वाक्य याच संदर्भातलं असणार. खरं वाक्य, भलत्या घरात.

तो इतर विषाणूंपेक्षा चिवट का? काही विषाणूंभोवती चरबीचं पातळ आवरण असतं: फ्लू, रेबीज, देवीकुळातले, गुरांना रक्तकर्क करणारे. आवरण उष्णतेने किंवा साबणाने फाटलं की खेळ संपला. लाळ्या-खुरकूतला असं आवरणच नाही, नुसतं प्रथिनांचं टणक कवच. त्यात दुधातले स्निग्धांशाचे गोळे आणि केसीन हे प्रथिन त्याला पांघरूण घालतात. पाण्यात जो विषाणू पटकन निष्क्रिय होतो तो दुधात थोडा जास्त तग धरतो. म्हणून पाण्यात केलेल्या प्रयोगाचे आकडे दुधाला लावायचे नाहीत, ही आमच्याकडे पहिल्या दिवशी मिळणारी तंबी.

आता ७२ आणि १५ आले कुठून. पाश्चरने १८६०च्या दशकात प्रयोग केले ते वाइनवर, दुधावर नव्हे. दूध असं तापवावं ही सूचना १८८६ साली सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, तीही तान्ह्या बाळांच्या दुधासाठी. पुढे दोन मापं रुळली: ६३ अंशांना ३० मिनिटं, किंवा ७२ अंशांना १५ सेकंद. ही मापं ठरली ती क्षयाच्या जिवाणूवरून, कारण दुधातून येणाऱ्या रोगजंतूंमध्ये तोच सगळ्यांत हट्टी समजला जायचा. नंतर कळलं की क्यू फिव्हरचा (गुरांकडून माणसाला येणारा एक ताप) जंतू त्याच्याहून काकणभर चिवट आहे. म्हणून १९५६ साली अमेरिकेत अर्ध्या तासाचं माप ६१.७ वरून ६२.८ अंशांवर नेलं. एका अंशाने! आपण ६३ म्हणतो ते तेच.

थोडक्यात, पाश्चरीकरणाची पट्टी विषाणूंवरून आखलेलीच नाही. ती जिवाणूंवरून आखली, आणि आवरणवाले विषाणू त्या पट्टीच्या बरेच खाली असल्यामुळे आपसूक कापले गेले.

तपासणी कशी करतात तेही सांगते, कारण ही युक्ती मला अजून आवडते. निरशा दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते निकामी व्हायला क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त उष्णता लागते. म्हणून तापवलेल्या दुधात जंतू शोधत बसायचं नाही, विकर शोधायचं. ते सापडलं तर तापवण्यात कुठेतरी खोट आहे किंवा निरसं दूध मिसळलंय. १९३०च्या दशकापासून ही चाचणी चालू आहे आणि अजून कुणी तिला निवृत्त केलेलं नाही.

निरसा
विषय: भीतीचं दुकान

माझ्या सदस्यनामावरून कळलंच असेल मी कुठल्या बाजूचा. आमच्या आधीच्या कित्येक पिढ्या धारोष्ण दूध पिऊन धडधाकट जगल्या. दूध तापवलं की प्रथिनं बिघडतात, जीवनसत्त्वं जातात, उपयोगी जंतू मरतात. युरोपातल्या अभ्यासांत गोठ्यावरचं निरसं दूध पिणाऱ्या मुलांना दमा आणि अ‍ॅलर्जी कमी दिसली, हे थर्मामीटरताईंनी सोयीस्करपणे गाळलं. आधी विषाणूची भीती घालायची, मग यंत्र विकायचं.

गोठ्यातला डॉक्टर

निरसाभाऊ, ज्या पिढ्या जगल्या त्यांचेच वंशज इथे प्रतिसाद द्यायला आहेत. ज्यांचा वंश खुंटला ते कसं लिहिणार?

माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउतार होणारा ताप यायचा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झमित यांना तो सापडला शेळ्यांमध्ये. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, आणि त्यांचं निरसं दूध रोज पोटात जात होतं. हाच ब्रुसेला. आजही गोठ्यात काम करणाऱ्यांना आणि निरसं दूध पिणाऱ्यांना तो गाठतो, सांधे धरतो, आणि निदान व्हायला महिने लागतात. गुरांचा क्षय दुधातून मुलांच्या मानेच्या गाठींत आणि आतड्यांत उतरायचा, तो पाश्चरीकरण आल्यावर हटला.

आणि विषाणूच हवा असेल तर तोही आहे. गोचिडीमुळे होणारा एक मेंदूज्वर मध्य आणि पूर्व युरोपात आढळतो. चरताना शेळीला गोचीड चावली की विषाणू काही दिवस दुधात उतरतो, शेळी मात्र मजेत. १९५१ साली स्लोव्हाकियातल्या रोझ्नावा गावात सहाशेहून अधिक माणसं एकदम आजारी पडली. गायीच्या दुधात शेळीचं दूध मिसळलं गेलं होतं आणि ते नीट तापवलेलं नव्हतं. माणसाला बाधतो का? हो. उष्णतेत टिकतो का? नाही. तापवलं असतं तर काहीच झालं नसतं.

थर्मामीटर

निरसाभाऊ, गाळलं नव्हतं, विषयच तो नव्हता. ते अभ्यास खरे आहेत आणि मला रोचक वाटतात. पण गोठ्यावर वाढणाऱ्या मुलांचं बाकी सगळंच आयुष्य वेगळं असतं, आणि अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच त्यावरून निरसं दूध पाजा असा सल्ला दिलेला नाही. जीवनसत्त्वांचं म्हणाल तर पाश्चरीकरणात बी१, बी१२ यांसारखी थोडी घटतात. क जीवनसत्त्वही घटतं, पण दुधात ते मुळातच नावापुरतं. कॅल्शियम जागेवर राहतं. बी२ उष्णतेला दाद देत नाही, उजेडात मात्र नासतं. प्रथिनं 'बिघडतात' म्हणजे चीजच्या पाण्यात उतरणाऱ्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात. पोटात गेल्यावर आम्लाने त्या उलगडणारच होत्या.

यंत्र विकत नाही. माझ्याकडे एक थर्मामीटर आहे, तोही देणार नाही.

खुसपट
विषय: आता खरी हाडकं

एवढ्या शांततेत एक बॉम्ब. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्ससमधल्या दुभत्या गायींमध्ये बर्ड फ्लू निघाला, एच५एन१. गायीला हा होत नाही असंच तोवर सगळे धरून चालले होते. आणि उतरला कुठे? थेट कासेत. त्या गायींच्या दुधात एका मिलिलिटरमागे कोट्यवधी विषाणू. गोठ्यातल्या मांजरांनी ते दूध चाटलं आणि त्यातली निम्मी-अधिक मेली. दुकानांतल्या पाश्चराइज्ड दुधाच्या नमुन्यांत साधारण पाचात एक नमुना विषाणूच्या जनुकांचे तुकडे दाखवत होता.

त्यावर कळस म्हणजे एका प्रयोगशाळेने बाधित गायीचं दूध ७२ अंशांवर १५ आणि २० सेकंद तापवलं तर विषाणू प्रचंड घटला, पण पूर्ण गेला नाही. डॉक्टरकाका, तुमच्या दोन्ही प्रश्नांना इथे 'हो' येतंय. बोला!

थर्मामीटर
विषय: नळी आणि कारखाना

बोलते. ही शंका धाग्यातली सगळ्यांत चांगली आहे, म्हणून तिला लांब उत्तर.

पहिलं, जनुकांचे तुकडे. पीसीआर चाचणी विषाणूची अक्षरं वाचते, तो धडका आहे की मोडका हे तिला कळत नाही. जळालेल्या घराच्या पाटीवरचं नाव वाचता आलं म्हणून घरात माणूस राहतो असं होत नाही. म्हणून तेच नमुने कोंबडीच्या फलित अंड्यांत टोचून पाहिले. अंड्यांत हा विषाणू असा वाढतो की एखादा धडका कण असला तरी लपत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या फेरीत २९७ नमुने तपासले. एकातही वाढणारा विषाणू मिळाला नाही.

दुसरं, ७२ अंशांचा तो प्रयोग. प्रयोग खरा आहे. पण त्यात थोडंसं दूध बारीक नळीत घालून प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यावर तापवलं होतं. कारखान्यात तसं होत नाही. दूध गरम पत्र्यांमधून जोरात वाहतं, ७२ ला पोचायच्या आधीच तापत आलेलं असतं, मग ते धारणनळीत शिरतं आणि आपली १५ सेकंदं तिथे मोजायला सुरुवात होते. त्याच प्रशासनाने कारखान्यासारखंच वाहतं यंत्र लावून पाहिलं, तेव्हा धारणनळीत शिरायच्या आधीच, नुसत्या तापण्याच्या वाटेवर, विषाणू निष्क्रिय झालेला आढळला. १५ सेकंदं वरकड गेली.

शिवाय नळीतलं दूध होतं थेट आजारी गायीचं. कारखान्याच्या टाकीत शेकडो गायींचं दूध मिसळतं.

हेही मान्य करते की 'शून्य' हा आकडा आमच्या धंद्यात नाही. ठरावीक तापमानाला ठरावीक वेळेत नव्वद टक्के विषाणू जातात. तेवढ्याच पुढच्या वेळेत उरलेल्यातले नव्वद टक्के, मग त्यातले नव्वद. दहा कोटींपासून सुरुवात केली तर आठ पायऱ्यांनी एक उरतो. म्हणून सुरुवात किती मोठी आहे याला महत्त्व आहे, आणि म्हणूनच आजारी गायीचं दूध वेगळं काढायचं ते काढायचंच, नुसतं 'तापवतोय ना' म्हणून मोकळं व्हायचं नाही.

त्याच प्रयोगातला एक आकडा तुम्ही सांगितला नाहीत, खुसपटराव. ६३ अंशांना पाचच मिनिटं तापवलेल्या दुधातही विषाणू सापडला नाही.

खुसपट

सांगितला असता तर बॉम्ब फुसका निघाला असता. ;) अंड्यांची चाचणी माहीत नव्हती. माघार.

ओवीची आई
विषय: माझे बाळबोध प्रश्न

१. डोंगरावर उंचीवर पाणी लवकर उकळतं, म्हणजे कमी तापमानाला. तिथे दूध उकळलं तर पुरतं का? २. मायक्रोवेव्ह? ३. निरसं दूध गोठवलं तर? ४. निरशा दुधाचं दही चालेल का, आम्ल असतं ना? ५. पाश्चराइज्ड दूध परत उकळायलाच हवं का?

थर्मामीटर

बाळबोध कसले, हेच प्रश्न रोज पडतात.

उंचीवर पुरतं. ३००० मीटरवर सुमारे ९० अंशांना उकळी फुटते. ७२ पासून ते बरंच वर आहे.

मायक्रोवेव्ह निरशा दुधासाठी नको. कडेला वाफ आणि मध्ये कोमट असा कारभार असतो. आधीच पाश्चराइज्ड असलेलं दूध गरम करून प्यायला हरकत नाही.

गोठवून विषाणू मरत नाहीत. आम्ही त्यांना जपून ठेवायला उणे ८० अंशांतच ठेवतो! आणि एच५एन१ निरशा दुधात साध्या फ्रिजच्या थंडीत काही आठवडे तग धरतो, म्हणजे फ्रिज हा इथे त्याचाच मित्र.

दह्याचं उत्तर फसवं आहे. लाळ्या-खुरकूतचा विषाणू आम्लात जातो. एच५एन१चं निरशा दुधाच्या चीजवर पाहिलंय: सामू ५.८ असताना तो महिनोन्महिने टिकला, ५.० ला टिकला नाही. पण ई. कोलाय या जिवाणूचा ओ१५७ हा प्रकार आम्लाला बऱ्यापैकी पुरून उरतो. दही लावायच्या आधी दूध तापवाच.

पाचवा प्रश्न भांडण लावणारा आहे. पाश्चराइज्ड दूध सलग थंड राहिलं असेल तर विषाणूंसाठी परत उकळायची गरज नाही. वाटेत ते कोमट झालं असेल अशी शंका असेल तर उकळा. पण उकळणं म्हणजे अमृतमंथन नव्हे. बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू उकळीतही वाचतात, आणि दूध नंतर तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिलं तर तेच उगवतात. प्रतिजैविकांचे अंश आणि चाऱ्याच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळून जात नाही. उकळण्यापेक्षा उकळल्यानंतर लवकर गार करण्यात लोक जास्त चुकतात.

चष्मिष्ट
विषय: रक्तकर्काचा विषाणू

धागा रंगलाय म्हणून अजून एक. गुरांना रक्तकर्क करणारा बीएलव्ही नावाचा विषाणू १९६९ पासून माहीत आहे आणि काही देशांच्या दुभत्या कळपांत भरपूर पसरलेला आहे. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना स्तनांचा कर्करोग झालेल्या बायकांपैकी ५९ टक्क्यांच्या ऊतींत त्याची जनुकं मिळाली, कर्करोग नसलेल्यांत २९ टक्के. याचं काय?

गोठ्यातला डॉक्टर

यावर छातीठोक बोलणाऱ्या दोन्ही बाजूंपासून लांब राहा. तो अभ्यास छापून आला आहे, खरा आहे. पण सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. नंतर इतरांनी कर्करोगाच्या ऊतींचे जनुकसंच वाचून काढले तेव्हा त्यांत हा विषाणू मिळाला नाही. डेन्मार्कने गुरांतून तो कित्येक दशकांपूर्वी हद्दपार केला, तरी तिथे स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण जगात वरच्या गटातच आहे. माझं मत विचाराल तर कारण सिद्ध झालेलं नाही. आणि दुधापुरतं बोलायचं तर प्रश्न दोनचं उत्तर स्वच्छ 'नाही' आहे. आवरणवाला विषाणू, पाश्चरीकरणाने निष्क्रिय होतो.

धारवाला
विषय: दूध पिणारे बरेच झाले

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी. वीस गुरांची धार रोज दोन वेळा काढतो. हा सगळा धागा पिणाऱ्यांचा आहे. काढणाऱ्याचं काय?

दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांवर लालसर निळ्या गाठी आल्या. गायीच्या सडांवरही तसलेच फोड होते. ज्या दवाखान्यात गेलो तिथे गुरांबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही, मलम देऊन पाठवलं. दीड महिन्याने आपोआप गेल्या. ते काय होतं? आणि दूध उकळून प्यायलो असतो तर बोटांवर आलं नसतं का?

गोठ्यातला डॉक्टर
विषय: मी लिहायला हवं होतं

धारवालेभाऊ, बरं झालं लिहिलंत. चाळीस प्रतिसाद झाले आणि हे आधी मी सांगायला हवं होतं.

न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण वर्णनावरून ती 'दूध काढणाऱ्याची गाठ' वाटते. सडांवर फोड आणणाऱ्या देवीकुळातल्या एका विषाणूची ही करामत. बोटाला बारीक चीर असली की आत शिरतो आणि सहसा चार-सहा आठवड्यांत आपणहून जातो. म्हशींच्या देवीनेही धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड येतात, ते जास्त दुखरे, कधी ताप आणि काखेत गाठ. १७९६ साली जेन्नरने जगातली पहिली लस टोचली, तिचा द्रव आला होता सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातून. लसीकरणाचा इतिहास धार काढणारीच्या बोटांपासून सुरू होतो, आणि आपण बसलोय पेल्याची चर्चा करत.

उकळून काहीच फरक पडला नसता. विषाणू दुधातून आला नाही, सडावरून आला.

एच५एन१चंही हेच. अमेरिकेत बाधित कळपांमुळे ज्यांना लागण झाली ते गोठ्यात राबणारे होते. बहुतेकांचे डोळे आले, कारण दुधाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात किंवा ओला हात डोळ्यांना लागतो. यंत्राने धार काढत असाल तर सडाला लागणाऱ्या रबरी नळ्यांवर हा विषाणू तासाहून अधिक टिकलेला आढळलाय. तेव्हा हातमोजे घाला, डोळ्यांवर साधा चष्मा लावा, फोड असलेल्या जनावराची धार शेवटी काढा आणि लगेच साबणाने हात धुवा. आवरणवाल्या विषाणूंना साबण उष्णतेइतकाच जड जातो. आणि पुन्हा गाठ आली तर दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य 'मी गुरांची धार काढतो' हेच.

धारवाला

धन्यवाद काका. अजून एक विचारून घेतो. गाय पिसाळली तर तिचं आधीच प्यालेलं दूध?

गोठ्यातला डॉक्टर

उकळून किंवा पाश्चरीकरण केलेलं प्यायला असाल तर रेबीजची भीती नाही, त्यासाठी लस घ्यायची गरज नसते. निरसं प्यायला असाल तर डॉक्टरांना विचारा, वाट बघू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ ते १९९८ दरम्यान दोनदा असं झालं, पिसाळलेल्या गायींचं निरसं दूध प्यालेल्या बऱ्याच जणांना लस द्यावी लागली. पण तुमच्यासाठी दुधाहून मोठा प्रश्न वेगळा आहे. पिसाळलेल्या गायीला चारा गिळता येत नाही, लाळ गळते, घशात काही अडकलंय असं वाटून माणूस तोंडात हात घालतो. तो हात घालू नका. घातला गेला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

सायंतारा

मी आले होते पेल्यातल्या विषाणूची भीती घेऊन. आज निरोप पाठवणाऱ्या मावशींना फोन करून दोन प्रश्नांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तू दूध बंद केलंस की नाही?" असो. लेक आत्ता पेला रिकामा करून गेली.

खुसपट

वाचनखूण साठवली. शीर्षक मात्र अजून चूक आहे.

निरसा
विषय: अर्धी माघार

रोझ्नावाचं वाचून गप्प बसलो होतो. उकळलेल्या दुधाचा वास मला सोसत नाही, ते काही बदलणार नाही. पण घरी ६३ अंशांवर अर्धा तास धरता येईल का? तेवढ्यात चव फार बदलू नये. ताई, थर्मामीटर मी विकत घेईन.

थर्मामीटर

येईल. भांडं थेट आचेवर नको, गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा. सतत ढवळा, थर्मामीटर तळाला न टेकवता मधोमध धरा. वर झाकण ठेवा आणि फेस होऊ देऊ नका, फेस दुधापेक्षा थंड असतो आणि त्यातले जंतू वाचतात. ६३ ला पोचल्यावर घड्याळ लावा, आधी नाही. मध्ये एकदा जरी खाली उतरलं तर पुन्हा शून्यापासून. झालं की भांडं लगेच बर्फाच्या पाण्यात.

निरसा

आत्ता विसाव्या मिनिटावर आहे. हात भरून आला. एच५एन१ पाच मिनिटांत गेला म्हणालात ना? मग बंद करू का?

थर्मामीटर

विषाणू गेला. उरलेली दहा मिनिटं क्षय आणि क्यू फिव्हरवाल्याची आहेत. ढवळत राहा.